युद्ध कोणाचे?

१७७९ च्या दसऱ्याच्या सुमारास नागपुरातून तीस हजार स्वारांची फौज बाहेर पडली. सरदार होता मुधोजी भोसल्यांचा धाकटा मुलगा खंडोजी, ज्याला सगळे चिमणाबापू म्हणत. जायचे होते बंगालवर. पुण्याचे नाना फडणीस, म्हैसूरचा हैदर, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर अशा चौघांनी मिळून इंग्रजांची कोंडी करायची असे ठरले होते. त्यात कलकत्त्याच्या दारात जाऊन बसण्याचे काम भोसल्यांच्या वाट्याला आले होते. फौज कटकला पोचली ती १७८० च्या मे महिन्यात. आजच्या रस्त्याने हे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास भरते. सात महिन्यांचा हिशेब मांडला, तर रोजची चाल जेमतेम चार किलोमीटर! चिमणाबापूंच्या आजोबांच्या, म्हणजे पहिल्या रघुजींच्या फौजांनी बंगालची झोप उडवली होती, त्याच घराण्याच्या घोड्यांची ही चाल. वाटेत नद्या होत्या, जंगल होते, सगळे खरे. पण फौज रमतगमत जावी असे नागपुरातच ठरले होते आणि ते कलकत्त्याला गुपचूप कळवलेही होते.

परक्यांच्या युद्धात पडायचे की बाजूला राहायचे हे राज्ये कशी ठरवतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो नागपुरापासून सुरू करण्यात गावाचा अभिमान वगैरे काही नाही. उलट, अभिमान बाळगावा असे या कथेत फारसे सापडत नाही. पण स्वित्झर्लंड किंवा स्वीडन यांच्या उदाहरणांनी हा विषय समजावून घेताना एक गोष्ट नजरेआड होते. त्या देशांच्या बाबतीत युद्ध परके आहे हे आधीच ठरलेले असते, म्हणून चर्चा थेट फायद्या-तोट्यापासून सुरू होते. नागपूरकरांपुढचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा होता. पुणे आणि इंग्रज यांचे युद्ध हे आपले की परके? मला वाटते, तटस्थतेचा प्रत्येक निर्णय खरे तर इथेच होतो. पुढचे सगळे, म्हणजे तह, जाहीरनामे, वकिलांच्या खेपा, हे त्या एका उत्तराचे हिशेब असतात.

हे उत्तर नागपूरला सोपे का नव्हते? सेनासाहेबसुभा हे पद भोसल्यांना साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी दिले होते. पेशव्यांचे आपण नोकर नाही, धनी दोघांचाही एकच आहे, ही नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातली पक्की समजूत. एकीकडे भाषा एक, झेंडा एक, देव एक. दुसरीकडे १७६३ साली जानोजी भोसले निजामाच्या बाजूने पुण्यावर चालून गेले आणि पुणे लुटले-जाळले गेले. मग राक्षसभुवनच्या लढाईच्या तोंडावर जानोजी फिरले आणि पेशव्यांच्या पदरात आले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी हे विसरायचे नाकारले. १७६९ मध्ये त्यांच्या फौजांनी नागपूर लुटले आणि कनकापूरच्या तहात जानोजींकडून लिहून घेतले की दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज यांच्याशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही आणि हुकमाशिवाय फौज वाढवायची-घटवायची नाही. म्हणजे सहा-सात वर्षांत नागपूरकरांनी पुणे पेटलेले पाहिले आणि पुणेकरांनी नागपूर. आता अशा दोन दरबारांपैकी एकावर परचक्र आले, तर दुसऱ्याने ते घरचे मानायचे की शेजारचे?

त्यातच भोसल्यांच्या घरातही सगळे आलबेल नव्हते. जानोजी १७७२ मध्ये वारल्यावर मुधोजी आणि साबाजी हे दोन भाऊ गादीच्या कारभारासाठी भांडत राहिले. शेवटी २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले आणि मुधोजी आपल्या मुलाच्या, दुसऱ्या रघुजीच्या नावाने कारभार पाहू लागले. भावाच्या रक्तावर उभ्या असलेल्या कारभाराला पाच वर्षेही झाली नव्हती, तोच ही चौरंगी मोहीम आली. फौज दूर बंगालात गुंतवायची तर मागे घर कोण राखणार? राष्ट्रे युद्धात पडण्याचा निर्णय नकाशे पाहून करतात असे आपण पुस्तकात वाचतो. मुधोजींनी तो आधी स्वतःचा वाडा पाहून केला असावा.

सल्ला द्यायला होते देवाजीपंत चोरघडे, नरखेडचे. साडेतीन शहाण्यांतले हे एक पुरे शहाणे, आणि पुण्याचे नाना अर्धे. नागपूरकर ही वाटणी आजही मिटक्या मारत सांगतात. देवाजीपंतांचा कल इंग्रजांशी बिघडू न देण्याकडे होता आणि त्यांचा माणूस बेनीराम पंडित कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जच्या दरबारी वकील म्हणून बसलेला होता. हेस्टिंग्जने नागपूरकडे आधीपासून डोळा ठेवला होता. साताऱ्याचे रामराजे १७७७ च्या अखेरीस वारले, तेव्हा छत्रपतींच्या गादीवर भोसल्यांचा हक्क उभा करता येईल, हे आमिष त्याच्या डोक्यात होते. त्यासाठी अलेक्झांडर एलियट नावाचा तरुण वकील १७७८ मध्ये नागपूरला निघाला. छत्तीसगडच्या वाटेवर सारंगडजवळ तापाने त्याचा अंत झाला. पुढे नर्मदेकाठी थांबलेल्या कर्नल गोडार्डनेही नागपूरकडे माणूस पाठवला. मुधोजींनी ना हो म्हटले, ना नाही. गादीचा मोह होता, पण ती इंग्रजांच्या संगिनीवर टेकवून घेण्याचे धाडस नव्हते, आणि पुढे वडगावला इंग्रजांची झालेली नाचक्की पाहता ते न केलेलेच बरे ठरले.

आता पैशाकडे येऊ. १७५१ च्या तहात अलिवर्दीखानाने ओरिसाचा वसूल सोडला आणि बंगाल-बिहारची चौथाई म्हणून वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले होते. कंपनीने १७६५ मध्ये दिवाणी घेतली आणि चौथाईला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. तिथपासून मोजले तरी १७८१ पर्यंत थकबाकी दोन कोटींच्या घरात जाते. म्हणजे नागपूरकडे इंग्रजांशी लढायला पुण्याहून वेगळे, स्वतःचे कारण होते, आणि तेही चांगले सणसणीत. हेस्टिंग्जला हे पक्के ठाऊक होते. १७८० च्या जुलैत हैदर कर्नाटकात उतरला, सप्टेंबरात कर्नल बेलीची तुकडी कापली गेली. मद्रास वाचवायला बंगालची फौज खुष्कीने पाठवायची, तर वाट भोसल्यांच्या ओरिसातून. आणि तिथे चिमणाबापू तीस हजारांनिशी बसलेले, शिलेदारांचे पगार तुंबलेले. लढण्यापेक्षा देणे स्वस्त पडेल, हा हिशेब हेस्टिंग्जने केला. आधी तीन लाख गुपचूप पोचते केले. मग डेव्हिड अँडरसनने कटकच्या मुलखात वाटाघाटी करून १७८१ च्या एप्रिलमध्ये सौदा पुरा केला. तेरा लाख रोख, वर दहा लाख कर्जाऊ. बदल्यात कर्नल पिअर्सच्या फौजेला मद्रासकडे जायला वाट आणि हैदरविरुद्ध भोसल्यांचे दोन हजार स्वार सोबतीला.

हैदर मित्र होता. चौघांच्या मसलतीतला एक.

सोळा लाख म्हणजे कबूल चौथाईचे दीड वर्षही भरत नाही. न्याय्य म्हणवणारी दोन कोटींची मागणी ज्याच्या खिशात आहे, त्याने तलवार न उपसता सोळा लाखांवर समाधान मानले. भित्रेपणा म्हणून हे मोडीत काढणारे इतिहासकार आहेत आणि फौजेचा खर्च भागवून ओरिसा राखला म्हणून वाखाणणारेही. मला दोन्ही मते घाईची वाटतात. मुधोजींच्या जागी उभे राहून पाहिले तर दोन भये दिसतात. इंग्रजांनी पुणे बुडवले, तर पुढचा क्रमांक आपला. पुण्याने इंग्रज बुडवले, तर १७६९ ची पुनरावृत्ती. दोघेही थकावेत, कोणी जिंकू नये, यातच नागपूरचे हित होते. अशा राज्याला तटस्थता ही नीती म्हणून सुचत नाही, ती तराजूचा काटा मध्ये धरून ठेवण्याची धडपड असते. फक्त काटा धरणारा हात स्वतःच कर्जात असला की काय होते, ते इथे दिसते.

आजच्या कायद्याने पाहिले तर या वागण्याला तटस्थता म्हणताच येणार नाही. १९०७ च्या हेग कराराने तटस्थ मुलखातून युद्धखोर राष्ट्राची फौज किंवा दारूगोळा नेण्यास बंदी घातली आणि तो जाऊ न देण्याची जबाबदारी तटस्थावरच टाकली. पिअर्सची फौज कटकमधून गेली ते उघड उल्लंघन झाले असते. पण हसण्याआधी स्वीडनकडे पाहावे. १९४० पासून तीन वर्षे जर्मन सैनिकांच्या गाड्या स्वीडनच्या रुळांवरून नॉर्वेला जात-येत होत्या आणि १९४१ च्या जूनमध्ये तर एक अख्खी डिव्हिजन फिनलंडकडे नेऊ दिली गेली. तरी इतिहासात स्वीडन तटस्थच. कायदा जे मोजतो आणि जग जे मान्य करते यांत अंतर आहे, आणि ते बहुधा ताकदवान शेजाऱ्याच्या सोयीने कमी-जास्त होते. बेल्जियमने १८३९ च्या लंडनच्या तहावर भिस्त ठेवली. १९१४ च्या ४ ऑगस्टला जर्मन फौजा हद्दीत शिरल्या, आणि त्या तहावर सही करणाऱ्यांत प्रशियाही होता.

मित्राला दिलेल्या शब्दाचे काय, हा प्रश्न मात्र नागपूरपुरता नाही. अमेरिकेने १७७८ मध्ये फ्रान्सशी मैत्रीचा तह केला आणि त्याच्या बळावर स्वातंत्र्य मिळवले. १७९३ मध्ये फ्रान्स-इंग्लंड जुंपले तेव्हा वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात वाद पेटला. तह राजाशी होता आणि राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा बंधन उरले नाही, असे हॅमिल्टनचे म्हणणे. तह राष्ट्राशी होता, राजाशी नव्हे, असे जेफर्सनचे. २२ एप्रिलला वॉशिंग्टनने बाजूला राहण्याचा जाहीरनामा काढला. मुधोजी आणि वॉशिंग्टन यांची तुलना कोणाला खटकेल. खटकू द्या. दोघांचीही तिजोरी रिकामी होती आणि दोघांनाही जुन्या मित्राच्या नव्या युद्धात ओढले जायचे नव्हते. फरक हा की फिलाडेल्फियातला वाद उघडपणे झाला, निर्णय छापून लोकांपुढे आला आणि त्यावर वर्तमानपत्रांत शिव्याशाप झाले. नागपूरचा निर्णय मोजक्या माणसांना माहीत होता, आणि पुण्याला फौजेच्या कूचाच्या बातम्या जात राहिल्या.

लपवलेल्या तटस्थतेचा सगळ्यात विलक्षण प्रसंग घडला तो काशीत. १७८१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या राजा चेतसिंगाच्या लोकांनी उठाव केला आणि हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्याकडे पळावे लागले. जवळ पैसा नाही, शिपाई मूठभर. त्या वेळी बेनीराम पंडित आणि त्याचा भाऊ विश्वंभर त्याच्या सोबत राहिले आणि आपल्याजवळचे लाख रुपये त्याच्यापुढे ठेवले. पुण्याच्या बाजूने बंगालवर निघालेल्या दरबाराचा वकील, इंग्रजांच्या गव्हर्नर जनरलच्या पडत्या काळात त्याला पैसे देतो! हेस्टिंग्जने पुढे त्याची जहागीर देऊन परतफेड केली. वकिलाने धन्यासाठी केले, स्वतःसाठी केले की हेस्टिंग्जच्या मैत्रीखातर केले, हे सोडवत बसण्यात अर्थ नाही. तटस्थ दरबार आपल्या वकिलांना फार दिवस दोन्ही घरचे पाहुणे म्हणून ठेवतात आणि त्यांतले काही एका घरी मुक्कामाला राहतात, इतके नक्की.

पुढची वीस वर्षे भरभर ओलांडता येतील. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, मध्यस्थीचा मान नागपूरऐवजी महादजी शिंद्यांकडे गेला, १७८८ मध्ये मुधोजी वारले. दुसऱ्या रघुजींना इंग्रजांशी तैनाती तह करायला लावण्यासाठी १७९९ मध्ये संस्कृतचा पंडित कोलब्रुक नागपुरात येऊन बसला आणि १८०१ मध्ये हात हलवत परत गेला.

१८०३ ला मात्र थांबावेच लागते, कारण तिथे आरसा उलटा होतो. वसईच्या तहाने दुसरा बाजीराव पेशवा कंपनीच्या कह्यात गेला, तेव्हा रघुजींनी हे युद्ध आपले आहे असे ठरवले. बापाने जो प्रश्न टाळला त्याचे मुलाने उत्तर दिले. शिंदे आणि भोसले एकत्र आले. फौजा मागे घ्या, असा वेलस्लीचा तगादा लागला, तेव्हा आधी तुम्ही मद्रास-मुंबईला परत जा, मग आम्ही जातो, असा त्यांनी जबाब दिला. आणि यशवंतराव होळकर? ते बाजूला राहिले. कालपरवापर्यंत शिंद्यांशी लढणाऱ्या होळकरांना शिंद्यांचे युद्ध परके वाटले, यात नवल नाही. असई, अडगाव, गाविलगड अशी पडझड होत गेली आणि १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहात रघुजींनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गमावला. ज्या कटकसाठी बापाने सोळा लाखांवर तडजोड केली, तेच गेले. मग १८०४ मध्ये होळकर एकटे लढायला उभे राहिले, तेव्हा भोसले-शिंदे तहात जखडलेले, बाजूला. म्हणजे तिघांपैकी प्रत्येकजण आळीपाळीने तटस्थ राहिला, आणि प्रत्येकाची तटस्थता त्या त्या दिवशी समंजसच होती.

त्यानंतर नागपूरला निवडीचा अधिकार उरला तो नावापुरता. आधी एल्फिन्स्टन, मग जेन्किन्स असे रेसिडेंट सीताबर्डीच्या बाजूला राहू लागले. रघुजींनी तैनाती फौज घ्यायला मरेपर्यंत नकार दिला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. १८१६ च्या मार्चमध्ये ते वारले आणि दोनच महिन्यांत त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी तैनाती तहावर सही केली. परराष्ट्राशी व्यवहार कंपनीमार्फत, हे कलम आले की युद्धात पडायचे की नाही हा प्रश्नच कागदावरून पुसला जातो. आप्पासाहेबांनी १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर तो पुन्हा लिहू पाहिला. २६ तारखेच्या संध्याकाळी सुरू झालेली लढाई २७ ला दुपारी संपली. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला तो किल्ला समोर दिसतो, पण तिथे नेमके काय ठरले हे विचारले तर बहुतेकजण टेकडीच्या गणपतीचा रस्ता सांगतात.

१८५७ चा प्रसंग या पुस्तकात यावा की नाही, यावर मतभेद होऊ शकतो, कारण तेव्हा नागपूर राज्यच नव्हते. १८५४ मध्ये ते खालसा झाले होते, भोसल्यांचे हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीत लिलावाने विकले गेले होते. दुसऱ्या रघुजींची विधवा, सत्तरी ओलांडलेली बांकाबाई, दत्तकासाठी विलायतेपर्यंत वकील पाठवून थकली होती. १३ जून १८५७ च्या रात्री टाकळीच्या रिसाल्याने उठायचे ठरवले होते, तो कट फसला. आणि बांकाबाईने आपल्या गोतावळ्याला निक्षून सांगितले की यात कोणी पडायचे नाही. ज्यांनी राज्य घेतले, वाड्यातली जनावरे बाजारात उभी केली, त्यांच्याविरुद्ध उठलेल्यांना तिने आपले मानले नाही. का? १८०३ आणि १८१७ दोन्ही तिने पाहिले होते, हे एक उत्तर. पुढे दत्तक जानोजींना राजेबहादूर हा किताब आणि साताऱ्याकडचे देऊर मिळाले, हे दुसरे. दोन्ही खरी असू शकतात. तिला देशद्रोही ठरवणाऱ्यांनी एकदा तिच्या दिवाणखान्यात बसून निर्णय घेऊन पाहावा.

स्वतंत्र भारताची अलिप्तता यापेक्षा वेगळ्या मातीतली आहे, असे मी मानतो, आणि त्याचा पुरावा कोरियात सापडतो. १९५० मध्ये भारताने आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला, पण लढाऊ फौज न पाठवता छत्रीधारी वैद्यकीय पथक पाठवले. १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण करण्याचे काम भारतीय दलाकडे आले. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे बजावले, म्हणून आपले जवान जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. दोन्ही बाजूंचा संशय, तारांच्या कुंपणाआड रोजची दंगल, आणि शक्यतो गोळी न चालवता शिस्त राखायची. इथे सोळा लाख नव्हते, जहागीर नव्हती. काम संपले तेव्हा ऐंशीहून अधिक कैदी दोन्ही बाजू नाकारून या दलाबरोबर मद्रासला आले. मुधोजींची तटस्थता कमाईची होती, थोरातांची खर्चाची. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रसंघात १४१ देशांनी बाजूने, ५ देशांनी विरोधात मत दिले आणि ३५ तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. ही तटस्थता यांपैकी कोणत्या जातीची, हे वाचकाने पुढची प्रकरणे वाचून ठरवावे. माझे मत मी राखून ठेवतो, कारण तेलाच्या आणि शस्त्रांच्या हिशेबाची वही अजून बंद झालेली नाही.

एक उणीव सांगून थांबतो. या विषयावर मराठीत लिहिणारे आपण सगळे मोडी कागद, काशीराव गुप्त्यांची बखर, य. मा. काळ्यांचे ग्रंथ, जेन्किन्सचा अहवाल आणि कलकत्त्याचा पत्रव्यवहार एवढ्यात फिरतो. चिमणाबापूंची फौज ओरिसात वर्षभर बसून होती, तेव्हा ती स्वस्थ नव्हती. कलकत्त्यावर न गेलेली ती फौज ढेंकानालच्या राजावर चालून गेली. ओडिया कवी व्रजनाथ बडजेनांचे ‘समर तरंग’ हे काव्य त्याच लढाईवर आहे. थोरल्या युद्धात हात आखडता घेतलेल्या दरबाराच्या सैन्याने धाकट्या युद्धात काय केले, पिअर्सची आणि भोसल्यांची अशा दोन फौजा एकाच वर्षी ज्यांच्या शेतांतून गेल्या त्यांनी त्या तटस्थतेला काय म्हटले, हे नागपूरच्या कागदांत सापडणार नाही. पुढच्या आवृत्तीत ओडिया साधनांचे एक प्रकरण जोडावे, आणि ते ओडिया वाचणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्यावे.